लॅमिनेट केलेला मोहनम

मी वाजवायच्या आधीच मामींनी तो स्वर म्हटला. झालं असं, की मी 'ग प ध सां' अशी वर चढत गेले होते, डोळे मिटलेले, आपण आज काय भारी वाजवतोय असं मनातल्या मनात चाललेलं, आणि पुढच्या 'रें'साठी ओठ आवळले तेवढ्यात समोरून अगदी शांत आवाज आला, "रें. मग सां. मग ध ध प." आणि माझ्या निर्लज्ज बोटांनी रें, मग सां, मग ध ध प वाजवून टाकलं. माझ्या दप्तरातली चिठ्ठी कुणी दप्तर न उघडताच वाचून दाखवावी, तसं वाटलं. मी डोळे उघडले. कोमला मामी (नात्यातल्या नव्हेत, बासरीच्या गुरू; सगळे शिष्य त्यांना मामीच म्हणतात) पलंगाला टेकून खाली सतरंजीवर बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर ताल धरत होता, नजर खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीवर. "आता तू समेवर येणार," त्या म्हणाल्या. मी समेवर आले. "आता पंचम ओढत बसणार." मी पंचम ओढत बसले, तोवर थांबायचं भानच राहिलं नव्हतं. मग त्यांचा हात थांबला. सा धरून ठेवणारी श्रुतीपेटी एकटीच घुमत राहिली. "गेल्या गुरुवारी हेच. त्याच्या आधीच्या गुरुवारी पण हेच. अय्यो वर्षाली, चूक पण तीच! अगं, निदान चूक तरी नवी कर."

यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल, म्हणून नीट सांगते. आम्ही शिकतो ते दक्षिणेकडचं संगीत, आणि त्यात गाणं वाजवून झालं की त्यातली एक ओळ धरायची आणि तिच्याभोवती आपले स्वर गुंफायचे. त्यांना कल्पनास्वर म्हणतात. ते कुणी लिहून देत नाही आणि आधी ठरवतही नाही. रागाच्या आणि तालाच्या कुंपणात राहून फुंकरीबरोबर जे सुचेल ते वाजवायचं, कितीही भटकायचं, आणि फिरून बरोबर त्या ओळीच्या तोंडाशी यायचं. माझी ओळ आठ मात्रांच्या तालातली, पण ती पहिल्या टाळीवर सुरू होतच नाही. टाळी पडते, दीड मात्रा रिकामी जाते, आणि मग ओळ उडी मारते. आपल्या कानाला अशी सवयच नाही. गणपतीतल्या आरत्या घ्या, शाळेतलं समूहगीत घ्या, सगळं धाडकन समेवर येऊन बसतं. म्हणून मीही दर वेळी समेवर येते, दीड मात्रा आधीच, आणि ओळ सुरू होईपर्यंत पंचम ओढत उभी राहते; एसटी नऊची असताना आठलाच पिशव्या घेऊन स्टँडवर जाऊन बसणाऱ्या आमच्या धाराशिवच्या पाहुण्यांसारखी. चूक एवढीच होती. पण मामींना खटकलं ते चुकीचं वय. ती चूक तीन आठवड्यांची झाली होती. जी गोष्ट त्या क्षणी सुचली असं मी दाखवत होते, तिच्यात तीच चूक त्याच जागी तीन वेळा कशी येईल?

कारण ती सुचलेली नव्हतीच. ती आमच्या स्वयंपाकघरात गॅसच्या वर खिळ्याला टांगलेली होती. पप्पा, म्हणजे समाधान, महाळुंग्याच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला आहेत. गिअर हातात घेऊन त्याचा दात न् दात तपासतात. आई चाकणला वायरिंग हार्नेसच्या लाईनवर असते, गाडीच्या पोटातल्या वायरींचे जुडगे बांधते, एक जुडगा ठरलेल्या सेकंदांत. आमच्या घरात चांगलं काम म्हणजे एकसारखं काम. दहा हजारावा नग पहिल्यासारखा निघाला की पप्पा जेवताना खूश असतात. गेल्या महिन्यात मामी पहिल्यांदा म्हणाल्या, "आता तुझे स्वर तू कर," तेव्हा माझ्या बासरीतून वाऱ्याशिवाय काही निघेना. चार दिवस मी रडले. पप्पा दारात कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "रडती कशाला? प्रोसेस लाव की त्याला." मग मी शाळेच्या वहीत स्वर लिहून काढले, खोडले, पुन्हा लिहिले, आणि पप्पांनी त्याचा तक्ता केला: आवर्तन क्रमांक, स्वर, शेवट कुठे, शेरा. कंपनीतून टाईप करून, लॅमिनेट करून, कोपरे गोल कापून आणला. खाली बारीक अक्षरांत 'सुधारित आवृत्ती २' असंही होतं. चौथ्या ओळीच्या शेऱ्यात लिहिलेलं, 'पंचम धरून ठेवणे'. माझी चूक छापील होती. भाजीच्या फोडणीचे शिंतोडे उडाले तरी ओल्या फडक्यानं पुसली की पुन्हा चकचकीत.

मामींना तक्त्याचं मी त्याच दुपारी सांगून टाकलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी तोंडावर पदर धरला, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "लॅमिनेट केलेला मोहनम! माझ्या गुरूंना हे ऐकायला पाहिजे होतं." मोहनम म्हणजे आपला भूप म्हणा, स्वर तेच पाच, पण चालायची तऱ्हा निराळी. मग त्यांनी फिल्टर कॉफीचा पेला माझ्यापुढे सरकवला आणि हसणं पुसून टाकलं. "हे बघ. रविवारच्या कार्यक्रमात तुला दहा मिनिटं आहेत. गाणं वाजव, उतर. लोक टाळ्या वाजवतील. किंवा गाण्यानंतर स्वर घे. मी शेजारी ताल धरून बसणार, थांबवणार नाही. पण तो तक्ता वाजवलास तर गुरुवारपासून आपण फक्त गाणी करू. एकेक गाणं सुंदर करू. स्वरांचा विषय बंद." "कायमचा?" "माझ्याकडे कायमचा. माझं वय सत्तर झालं, वर्षाली. ज्याला गाणी पाहिजेत त्याला गाणी देते, ज्याला यात उडी मारायची त्याच्याबरोबर उडी मारते. मध्ये उभं राहणाऱ्याला देण्याइतका वेळ माझ्याकडे नाही." हे त्यांनी इतक्या प्रेमानं सांगितलं, की मी कॉफीचा पेला तसाच परत सरकवला.

गुरुवार हा पप्पांच्या सुट्टीचा वार, म्हणून क्लासही गुरुवारचा. परतताना मोटरसायकलवर, तळवड्याच्या चौकात कंटेनरच्या रांगेत अडकलेलो असताना, मी त्यांच्या हेल्मेटला तोंड लावून ओरडले, "पप्पा, मामींना सगळं पाठ झालंय!" "मग चांगलंच की!" "चांगलं नाही! त्यांना पुढचं कळता कामा नये!" हेल्मेट जरासं वळलं. "म्हंजे दर नग निराळा पायजे?" "हो." "आन् तरी बी पास व्हायला पायजे?" "हो ना!" कंटेनर हलला, आम्ही त्याच्या बाजूनं धुळीतून निघालो, आणि खालुंब्र्याच्या पुढं कधीतरी ते स्वतःशीच म्हणाले, "लई अवघड गिऱ्हाईक हाय हे."

मी त्यांच्या पाठीला गाल टेकवला आणि मामींची ती खोली पहिल्यांदा पाहिली तो दिवस आठवत बसले. चाकणकडे यायच्या आधी आम्ही निगडीला ओटा स्कीमच्या वस्तीत भाड्यानं राहायचो, आणि मी चौथीत असताना आई जवळच्याच प्राधिकरणात मामींच्या बिल्डिंगमध्ये दोन घरी पोळ्या करायला जायची. मी जिन्यात बसून गृहपाठ करायचे. दुसऱ्या मजल्यावरून बासरी यायची. जत्रेत विकतात त्या बासरीचा आवाज मला माहीत होता, तो सरळ असतो, शिट्टीसारखा. हा आवाज सरळ नव्हता. एक स्वर दुसऱ्याकडे जाताना वाटेत डुलायचा, जणू हातात काठोकाठ भरलेलं भांडं आहे. मी वर जाऊन दारात उभी राहिले. पांढऱ्या केसांची बाई, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, पायाशी भाजीची परडी, आणि वाजवता वाजवता मला बघून भुवईनंच 'काय?' म्हणाली. मी म्हटलं, "माझ्याकडे पण बासरी आहे." त्यांनी ती आणायला लावली, भोकं मोजली आणि म्हणाल्या, "सहा. आमच्याकडे आठ असतात. दोन भोकांचा हिशेब आपण नंतर करू." पहिले पाच आठवडे नुसती हवा. चक्कर यायची. शाळेत मागच्या बाकावरच्या पोरी म्हणायच्या, वर्षाली प्रेशर कुकर झाली. सहाव्या आठवड्यात सा लागला तेव्हा तो माझ्या ओठांत आणि दातांत लागला, कवटीच्या आत मागच्या बाजूला लागला, आणि मला पहिल्यांदा कळलं की माझ्या डोक्याच्या आत जागा आहे. त्या दिवसापासून आजपर्यंत कुणी मला काय पाहिजे विचारलं, तर खरं उत्तर तेच आहे. तोच सा, आणि त्याच्या पुढं काय आहे ते. आणि मी काय केलं? पुढं काय आहे ते बघायच्या आधीच लिहून काढलं, वर प्लास्टिक चढवलं.

शुक्रवारी शाळेतून आल्यावर मी तक्ता खिळ्यावरून काढून गादीखाली ठेवला. काही उपयोग झाला नाही. तो डोक्यात होता. मी मुद्दाम निराळं वाजवायचे, तर दोन स्वर निराळे यायचे आणि तिसऱ्याला बोटं ओळखीच्या गल्लीत वळायची. मुद्दाम निराळं केलेलं पुन्हा केलं, की तेही पाठ व्हायचं. मन म्हणजे काय चिकट वस्तू आहे! जे पडेल ते धरून ठेवतं. पप्पा सेकंड शिफ्टला जायच्या आधी कागदाचे पाच तुकडे करून आले, पाच स्वर, घड्या घालून वाटीत टाकले. "उचल. येईल तो वाजव. कुणाच्या बापाला कळणार न्हाई." मी उचललं: प, प, रि, प, सा. वाजवलं. दोघंही वाटीकडे बघत राहिलो. "न्हाई," ते म्हणाले, "हे भंगार हाय," आणि डबा घेऊन गेले. मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं. पुढच्या वर्षी मी दहावीत जाणार, मग सगळे म्हणणार आता बासरी ठेव वर. मामींचं दार बंद झालं तर ती खरंच वर जाईल, आणि मी गाणी वाजवणारी, एकेक गाणं सुंदर करणारी मुलगी होईन. तसं होण्यात वाईट काहीच नाही, हेच सगळ्यात भयंकर होतं.

शनिवारी आई लाईनवरून आली, पाय बादलीत सोडून बसली, आणि मी काही न विचारताच बोलायला लागली. आईचं असंच असतं. "नव्या गाडीचं हार्नेस आलं ना आमच्याकडं, त्या दिवशी बोर्डावर ड्रॉइंगच लागलेलं नव्हतं. लीडर रजेवर. सँपल एकच, ते बी टेबलावर. आम्ही सहाजणी. म्या लाल वायर उचलली, तर शेजारची सोजराबाई माझ्या हाताकडं बघून पिवळी घेऊन तयार. मी टेप मारायला वाकले तर पल्याडचीनं टोक धरलेलंच. कुणी कुणाला सांगत नव्हतं. येळ कसा गेला कळलं न्हाई बघ. दुसऱ्या दिवशी ड्रॉइंग लागलं, मग काय, रोजचंच." "बरोबर झालं होतं का ते?" मी विचारलं. "दोन वायरी उलट्या गेल्या होत्या." "मग?" "मग काय! काढल्या, घातल्या." तिनं पाय पुसले. "तुझ्या त्या पाटीवर एक कोपरा पिवळा पडलाय, गादीखाली कामून ठेवलीस, वाकंल ना ती." मी तिच्या हातांकडे बघत राहिले. चिमट्यानं घट्टे पडलेली दोन बोटं. त्या बोटांना एक दिवस ड्रॉइंग नव्हतं, आणि तो एक दिवस ती अजून सांगते.

रविवारी सकाळी जानेवारीतली अशी थंडी होती की बासरी स्वरातून खाली उतरली होती. बांबू गार पडला की असं होतं. मी ती स्वेटरच्या आत, काखेत धरून हॉलच्या मागच्या जिन्यात बसले, अंडं उबवणाऱ्या कोंबडीसारखी. प्राधिकरणातला हा हॉल लग्नांचा. वर्षातून एकदा मामींची मंडळी तिथे सकाळपासून गाण्याचा दिवस करतात. पुढच्या रांगांत मोगऱ्याचे गजरे आणि कांजीवरम, मागच्या रांगांत आमच्यासारखे. पप्पांनी शिफ्ट बदलून घेतली होती, आई हळदीकुंकवाची साडी नेसून आली होती आणि दोघंही खुर्चीच्या टोकावर, जणू कुणी आत्ता उठा म्हणेल. मृदंगावर ज्योतीरामकाका होते. ते भोसरीच्या जुन्या गावातले, पखवाज घरचा. कंपनीत एका केरळी दोस्ताकडून मृदंग शिकले आणि आता मामींच्या सगळ्या मुलांना तेच साथ करतात. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि मृदंगाच्या वाद्या ठोकता ठोकता म्हणाले, "काय गं, ताप हाय का?" "काका, मला पुढचं काहीच माहीत नाही आज." "मला कवा माहीत अस्तंय? म्या तुझ्या मागनंच येतू. तू चाल म्होरं. खड्ड्यात गेलीस तर दोघं जाऊ." टेबलाशी विजयश्रीताई बसली होती, मामींची सगळ्यात जुनी शिष्या, समोर मोबाईलचं घड्याळ आणि पितळी घंटा. आठ मिनिटांना एक टोला, दहाला दुसरा, दुसऱ्यानंतर उतरायचं. तिच्या घंटेपुढं मोठमोठे लोक उतरले आहेत.

गाणं चांगलं झालं. ते होणारच होतं, ते माझ्या हाडांत आहे. गाणं संपत आलं आणि मी ती ओळ पुन्हा धरली, म्हणजे सगळ्यांना कळलं की ही आता स्वर घेणार. माझ्या डाव्या हाताला मामी ताल धरून बसल्या होत्या. एक टाळी, करंगळी, अनामिका, मधलं बोट. मी श्वास घेतला, आणि जे निघालं ते तक्त्यावरचं होतं. पहिली ओळ. जशीच्या तशी, एकही रिजेक्शन नाही. ऐकणारे खूश, कुणीतरी 'आहा' म्हटलं. दुसरी ओळ. मला माझीच बोटं लांबून दिसत होती, त्यांचं त्यांचं चाललेलं, आणि मी आत कुठेतरी भिंतीला पाठ लावून उभी. तिसऱ्या ओळीला मी चुकून मामींकडे बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. त्या माझ्या आधी अर्धी मात्रा माझे स्वर म्हणत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लग्न होऊन निघालेल्या मुलीला फाटकापर्यंत सोडायला यावं तसा काहीतरी चेहरा होता. मला इतकी लाज वाटली की कानांच्या पाळ्या जळायला लागल्या. चौथी ओळ. ग प ध सां, रें, मग सां, मग ध ध प, आणि मी समेवर येऊन आदळले, दीड मात्रा आधीच, छापल्याप्रमाणे. मामींच्या ओठांनी 'प' केला. माझ्या पोटात त्या पंचमासाठीचा श्वास तयार होता.

मी तो सोडला नाही. कसं काय, ते मला अजून सांगता येत नाही. ओठ बासरीवर, बोटं पंचमावर, आणि फुंकर नाही. त्या दीड मात्रेत हॉलमध्ये काहीच वाजत नव्हतं, फक्त ज्योतीरामकाकांच्या डाव्या हाताचा एक खोल ठोका आला, विहिरीत कळशी बुडावी तसा, आणि श्रुतीपेटीचा सा सगळीकडे सारखा पसरलेला दिसला. हो, दिसला! दीड मात्रा किती मोठी असते! मी एवढे आठवडे ती जागा पंचमानं बुजवत होते, कारण ती रिकामी दिसली की लोकांना कळेल, मला काही येत नाही. आता ती उघडी पडली होती आणि कुणालाही काहीही कळलं नव्हतं. उलट पुढच्या रांगेतल्या एका आजोबांची मान त्या शांततेबरोबर खाली गेली आणि ओळ उडाली तेव्हा वर आली. मी ओळ वाजवली. ती मला नवी वाटली. आणि तक्त्यावर चारच ओळी होत्या.

मग मी ध वरून सरळ ग वर पडले, मध्ये काही न धरता. का, विचारू नका. पायरी चुकल्यावर पोटात होतं तसं झालं आणि मला ते आवडलं, म्हणून पुन्हा पडले, या वेळी वरच्या रें वरून. मामींच्या ओठांकडे बघितलं. ते थांबले होते. जरासे उघडे, पण थांबलेले. अरे वा! त्यांना माहीत नाही! मलाही माहीत नव्हतं, काकांनाही नव्हतं, त्या सबंध हॉलमध्ये पुढचा स्वर कुणालाच माहीत नव्हता, आणि तरी तो येत होता, माझ्याच ओठांतून, कोमट, बांबूच्या वासाचा. मी तीन तीन स्वरांचे तुकडे केले आणि ते आठाच्या तालावर तिरके टाकले. काकांनी पहिला तुकडा ऐकला, दुसऱ्याला मान तिरकी केली आणि तिसऱ्याला बरोबर माझ्या खाली हजर. मी थांबले तर ते थांबले. मी पळाले तर मागून "व्हय!" असा आवाज आला. सम येत होती, मला लांबून दिसत होती, ओळखीच्या घरासारखी, आणि मी तिच्या दारावरून तशीच पुढे गेले, न वळता, न थांबता, एक, दीड, आणि ओळीच्या तोंडात नेमकी उतरले. पहिल्यांदा! अंगावर काटा आला तो बोटांपर्यंत. मग हाव सुटली. आणखी लांबचं घेतलं, दोन आवर्तनं, चार आवर्तनं, खालच्या पंचमापर्यंत जाऊन तिथल्या घुमाऱ्यात लोळले, तिथून एकेक पायरी वर, आणि इतक्या जोरात आले की उतरायची जागा चुकले, अर्धी मात्रा उशिरा पडले, ओळ अंगावरून निघून गेली. हॉलमध्ये एक 'च्च' झालं. आणि शेजारून मामी खळखळून हसल्या, भर मंचावर, ताल न सोडता, आणि मोठ्यानं म्हणाल्या, "नवी! ही नवी!" पुढच्या रांगेला काय कळलं देव जाणे. मी हसत हसत वाजवायला गेले तर फुंकर फाटली, तीही चालवून घेतली, फाटलेल्या फुंकरीचाच एक तुकडा केला आणि पुढच्या वेळी त्या तुकड्याला घेऊन ओळीच्या तोंडाशी बरोब्बर आले.

पहिला टोला कधी झाला मला माहीत नाही. दुसरा ऐकू आला, कारण विजयश्रीताईनं तो जरा जास्तच जोरात दिला. मी ओळीवर होते, तिथे संपवता आलं असतं, सगळे तसंच करतात. मी मामींकडे बघितलं. त्यांनी घंटेकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. त्यांनी पुढच्या आवर्तनाची टाळी मारली. अशी मारली, की बांगड्या वाजल्या. मग काय! मी आणखी एक घेतलं, आणि आणखी एक, आणि मागच्या रांगांतली माणसंही हातावर टाळ्या धरायला लागली, चुकीच्या, बरोबर, सगळ्या. आणि मला एवढं स्पष्ट कळत होतं की मी इथून पुढं कुठंही जाऊ शकते. गर्व म्हणा हवं तर. माझं वय पंधरा आहे आणि मला मोहनममध्ये कुठंही जाता येतं.

खाली उतरल्यावर पप्पा म्हणाले, "मी मोजत होतो, सातव्या आवर्तनापर्यंत बरोबर होतं, मग माझीच गिनती चुकली." त्यांचे डोळे ओले होते. "पास का पण?" त्यांनीच विचारलं. आई म्हणाली, "कळतंय का तुमाला काही?" आणि माझ्या स्वेटरचं वर गेलेलं टोक खाली ओढलं. मामी साडीच्या निऱ्या सावरत आल्या, काही बोलायच्या आधी त्यांनी माझी बासरी घेतली, उलटी करून आतलं पाणी झटकलं, पदरानं पुसली. "गुरुवारी तासभर लवकर ये. कल्याणी काढू, म्हणजे तुमचा यमन. सात स्वर आहेत तिच्यात, हरवायला जागा पुष्कळ." "वही आणू?" मी मुद्दाम विचारलं. त्यांनी माझ्या डोक्यात टपली मारली. तेवढ्यात विजयश्रीताई घंटा हातात घेऊन आलीच. "अठरा मिनिटं!" ती म्हणाली. "दहाच्या जागी अठरा, वर्षाली! पुढच्या तिघांचं काय करू? स्वयंपाकी ओरडतोय, सांबार दोनदा तापवलं." मी तिला सॉरी म्हणणार होते. तोंड तसं उघडलंही होतं. पण बाहेर आलं ते भलतंच. "ताई," मी म्हटलं, "पुढच्या वर्षी मला अर्धा तास लिही."